वापरलेला डेस्कटॉप घेताना: चौथी पिढी की आठवी?

पंधरा हजारांच्या आसपास रक्कम हाती असेल आणि घरात लिखाण, हिशेब, मुलांचा अभ्यास आणि ऑनलाइन अर्ज भरणे एवढ्यासाठी संगणक हवा असेल, तर नव्याकोऱ्या यंत्राच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या किमतीत नवे म्हणून जे मिळते, त्यातील प्रोसेसर बहुधा सर्वांत खालच्या दर्जाचा असतो आणि मेमरीही जेमतेम असते. याउलट बँका, विमा कंपन्या आणि आयटी कंपन्या काही वर्षे वापरून जे संगणक एकगठ्ठा बदलतात, ते मुळात रोज आठ-दहा तास चालण्यासाठीच बांधलेले असतात. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क आणि लेनोव्होचे थिंकसेंटर ही त्यांतली नेहमी दिसणारी नावे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये किंवा बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर अशा यंत्रांच्या थप्प्या लागलेल्या असतात, आणि आता जिल्ह्याच्या गावांतही ‘रिफर्बिश्ड’ अशी पाटी सर्रास दिसते. अडचण यंत्र मिळण्याची नाही. अडचण ही आहे की दुकानदार एकाच टेबलावर २०१३ सालचे आणि २०१८ सालचे यंत्र शेजारी शेजारी ठेवतो, दोन्हींवर ‘आय५, ८ जीबी’ असे लिहिलेले असते, आणि पाच-सहा हजार रुपये जास्त का मोजायचे हे गिऱ्हाइकाला कळत नाही.

या लेखासाठी मी जी दोन यंत्रे समोर ठेवली आहेत ती दोन्ही माझ्या रोजच्या वापरातली आहेत. पहिले डेल ऑप्टिप्लेक्स ९०२०, त्यात इंटेल कंपनीचा चौथ्या पिढीचा कोअर आय५-४५९० प्रोसेसर. दुसरे ऑप्टिप्लेक्स ७०६०, त्यात आठव्या पिढीचा कोअर आय५-८५००. दोन्हींचे खोके ‘स्मॉल फॉर्म फॅक्टर’ म्हणतात त्या आडव्या, आटोपशीर आकाराचे आहे. पहिल्याच्या प्रोसेसरमध्ये चार कोअर, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळी कामे करणारे भाग, आहेत, दुसऱ्यात सहा. पहिल्यात डीडीआर३ मेमरी लागते, दुसऱ्यात डीडीआर४. पहिल्याला हार्ड डिस्क किंवा एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवण करणारी डिस्क) जोडायची ती साटा केबलनेच, तर दुसऱ्यात मदरबोर्डवरच, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डावरच, एनव्हीएमई या अधिक वेगवान प्रकारची एसएसडी बसवण्याची खाच आहे. कागदावर हा फरक मोठा दिसतो. रोजच्या कामात तो किती जाणवतो, हे मात्र काम पाहूनच ठरते.

दोन्ही यंत्रांत एसएसडी आणि ८ जीबी मेमरी असताना वर्डमध्ये मजकूर लिहिणे, एक्सेलमध्ये सोसायटीचा ताळेबंद मांडणे, टॅलीत नोंदी करणे, ईमेल पाहणे, या कामांत डोळे झाकून बसवले तर कोणते यंत्र समोर आहे हे सांगता येणार नाही. वेगाची खरी किल्ली प्रोसेसरच्या पिढीत नसून जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी असण्यात आहे, हे मी पुनःपुन्हा सांगत आलो आहे, कारण आठव्या पिढीचे यंत्र हार्ड डिस्कवर चालवणाऱ्या माणसाला चौथ्या पिढीच्या एसएसडीवाल्या यंत्राचा हेवा वाटावा अशीच स्थिती असते. साटा एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते आणि एनव्हीएमई तिच्या कित्येक पट, हे खरे असले तरी घरगुती कामात हा दुसरा फरक जवळजवळ जाणवत नाही. म्हणून ‘एनव्हीएमई आहे’ एवढ्याच कारणासाठी जास्त पैसे देऊ नयेत.

फरक पहिल्यांदा जाणवतो तो व्हिडिओ चालू असताना. यूट्यूब आपले बरेचसे व्हिडिओ व्हीपी९ या पद्धतीने पाठवते आणि ते उलगडण्याची सोय चौथ्या पिढीच्या ग्राफिक्समध्ये नाही. ती पूर्णपणे आली सातव्या पिढीपासून. त्यामुळे ९०२० वर तोच व्हिडिओ प्रोसेसरला स्वतः उलगडावा लागतो. साध्या फुल एचडी व्हिडिओला तो पुरा पडतो, पण पंख्याचा आवाज वाढतो, आणि त्याच वेळी मुलगी ऑनलाइन वर्गात असेल, दुसऱ्या खिडकीत पीडीएफ उघडी असेल आणि ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब असतील, तर यंत्र अडखळू लागते. ७०६० वर हाच सगळा भार शांतपणे निभावला जातो. ज्या घरात संगणकाचा मुख्य वापर ऑनलाइन शिकवणी हाच आहे, तिथे एवढा एक मुद्दाही मला पुरेसा वाटतो.

पण चौथी आणि आठवी यांच्यामधली खरी सीमारेषा वेगाची नाही, ती विंडोजची आहे, आणि वापरलेला संगणक घेणाऱ्या प्रत्येकाने हा भाग नीट समजून घेतलाच पाहिजे. विंडोज १० ला मिळणारी सर्वसाधारण सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव मुदतीची जी योजना जाहीर केली तिची मर्यादा १३ ऑक्टोबर २०२६ ही होती. पुढे जायचे तर विंडोज ११ हवे, आणि त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट (सुरू होतानाच अनधिकृत प्रणाली रोखणारी सोय) आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर या तिन्ही गोष्टी लागतात. इंटेलच्या बाबतीत ती यादी आठव्या पिढीपासून सुरू होते. सातव्या पिढीतले दोन-चार अपवाद आहेत, पण कार्यालयीन डेस्कटॉपमध्ये सापडणारे आय५-७५०० किंवा आय७-७७०० त्यांत नाहीत. डेस्कटॉपसाठीची सातवी पिढी जानेवारी २०१७ मध्ये बाजारात आली आणि आठवी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये. नऊ महिन्यांच्या अंतराने जन्मलेली दोन यंत्रे, पण एकाला विंडोज ११ चे दार अधिकृतपणे उघडे आहे आणि दुसऱ्याला बंद. इंटेलऐवजी एएमडी या दुसऱ्या कंपनीचा प्रोसेसर असेल तर मालिकेच्या नावावर विसंबू नये, नेमके मॉडेल यादीत आहे का ते पाहावे.

इथे दुकानदार हमखास सांगतो की, ‘साहेब, चौथ्या पिढीवरही विंडोज ११ टाकून देतो.’ टाकता येते हे खरे आहे. तपासणीला बगल देऊन ते बसवण्याच्या युक्त्या सर्वश्रुत आहेत. परंतु अशा यंत्रांना अद्यतने मिळण्याचा हक्क राहत नाही असे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट लिहून ठेवले आहे, आणि वर्षाकाठी येणारी मोठी आवृत्ती त्यांवर आपोआप येत नाही. ती दर वेळी तीच युक्ती करून हाताने बसवावी लागते. ज्याला हे जमते त्याने खुशाल करावे. पण ज्या काकांना पेन्शनचे खाते पाहायचे आहे आणि ज्यांच्या घरी संगणकाचे जाणते कोणी नाही, त्यांच्या गळ्यात असे यंत्र मारणे मला योग्य वाटत नाही. कोअर टू ड्युओसारख्या त्याहूनही जुन्या यंत्रांची तर गोष्टच वेगळी: विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती त्यांवर सुरूच होत नाही, कारण तिला लागणारी एक सूचना त्या प्रोसेसरमध्ये मुळातच नाही.

विंडोज परवान्याबद्दलही याच ओघात सांगतो. विंडोज ८ च्या काळापासून मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांत परवान्याची किल्ली बहुधा मदरबोर्डमध्येच साठवलेली असते, त्यामुळे मूळ ब्रँडेड यंत्रावर योग्य आवृत्ती नव्याने बसवून इंटरनेट जोडले की ती आपोआप सक्रिय होते. तरीही अनेक दुकानांत क्रॅक केलेली, म्हणजे परवान्याला बगल दिलेली, विंडोज आणि क्रॅक केलेले ऑफिस घालूनच यंत्र देतात. अशा क्रॅकबरोबर काय आत आले आहे हे कळायला मार्ग नसतो, आणि त्याच यंत्रावरून आपण नेट बँकिंग करणार असतो. घरी आणल्यावर पहिले काम म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोज उतरवून ती कोरी बसवणे. दुकानदाराने घातलेली प्रत कितीही नीट चालत असली तरी ती ठेवू नये.

आता मधल्या पिढ्या. सहाव्या आणि सातव्या पिढीची यंत्रे, म्हणजे ऑप्टिप्लेक्स ७०४० आणि ७०५०, एलिटडेस्क ८०० जी२ आणि जी३, थिंकसेंटर एम९०० आणि एम९१०, बाजारात भरपूर आहेत आणि दिसायलाही नवी वाटतात. माझ्या दृष्टीने आजच्या घडीला सगळ्यांत फसवा सौदा हाच आहे. चौथ्या पिढीपेक्षा दोन-तीन हजार जास्त घेतले जातात, कोअर चारच मिळतात, आणि विंडोज ११ च्या बाबतीत गिऱ्हाईक होते तिथेच राहते. त्यातही सहाव्या पिढीच्या काही मॉडेलांत डीडीआर३एल मेमरी आहे आणि काहींत डीडीआर४, त्यामुळे नुसत्या पिढीवरून मेमरीचा प्रकार गृहीत धरता येत नाही. ही यंत्रे वाईट मुळीच नाहीत. चौथ्या पिढीच्या भावात मिळत असतील तर जरूर घ्यावीत. मात्र ‘आठवी परवडत नाही, चौथी फार जुनी, म्हणून मधली घेऊ’ हा विचार इथे लागू पडत नाही.

पिढी ओळखायची कशी, हे अवघड नाही. इंटेलच्या नावात आडव्या रेघेनंतरच्या चार आकड्यांतला पहिला आकडा म्हणजे पिढी: ४५९० चौथी, ६५०० सहावी, ८५०० आठवी. आकडे पाच असतील, जसे १०५००, तर पहिले दोन आकडे धरायचे. तीनच आकडे असतील, जसे आय५-६५०, तर ती पहिली पिढी, आणि तिच्यापासून लांब राहावे. या आकड्याला इतके महत्त्व देण्याचे कारण असे की जाहिरातीत ‘आय७’ ही अक्षरे ठळक छापली जातात आणि पिढी बारीक अक्षरांत किंवा गाळून टाकलेली असते. आय७-४७७० हा त्याच्या काळातला उत्तम प्रोसेसर होता, यात वाद नाही. पण आठव्या पिढीतला साधा आय३-८१०० रोजच्या कामांत त्याच्या जवळपास पोहोचतो, वीज कमी घेतो आणि विंडोज ११ ही चालवतो. जुना आय७ आणि नवा आय३ एकाच भावात समोर आले तर मी दुसऱ्यांदा विचार न करता आय३ उचलीन.

याहून घातक प्रकार म्हणजे काचेच्या, रंगीत दिव्यांच्या नव्या कॅबिनेटमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा जुना प्रोसेसर, कोणत्या कंपनीचा आहे हे न कळणारा नवा मदरबोर्ड आणि हलका पॉवर सप्लाय घालून ‘ब्रँड न्यू आय७ गेमिंग पीसी’ म्हणून विकणे. वस्तू नवी असल्याचा भास होतो, बिलावर वॉरंटीही लिहिलेली असते, पण आतला गाभा दहा-बारा वर्षांपूर्वीचा असतो. त्यापेक्षा ओरखडे पडलेला, काळपट, कंपनीचा स्टिकर अर्धवट निघालेला ऑप्टिप्लेक्स शतपटीने बरा. त्याचे भाग एकमेकांसाठी बनवलेले असतात.

नवे यंत्र वीज वाचवते म्हणून घ्या, हा युक्तिवाद मात्र मला फारसा पटत नाही. दोन यंत्रांत सरासरी २० वॉटचा फरक धरला, रोज आठ तास आणि वर्षाचे ३०० दिवस वापर धरला, तर ४८ युनिटे होतात. दहा रुपये युनिट या हिशेबाने वर्षाला ४८० रुपये. पाच-सहा हजारांचा फरक विजेतून भरून निघायला दहा वर्षांच्या वर जातील.

भावाचे म्हणाल तर ते दुकानागणिक आणि महिन्यागणिक बदलतात. ढोबळमानाने चौथ्या पिढीचा आय५, ८ जीबी आणि २५६ जीबी एसएसडीसह, मॉनिटर सोडून, सात ते नऊ हजारांत आणि आठव्या पिढीचा तेरा ते सतरा हजारांत मिळावा. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढल्यामुळे, नंतर वाढवू म्हणून ४ जीबीचे यंत्र घेणे आता परवडत नाही. आधीच ८ किंवा १६ जीबी बसवलेले यंत्रच पाहावे. ८ जीबी असेल तर ती दोन पट्ट्यांत विभागलेली असणे चांगले, कारण वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रांना दोन पट्ट्यांचा चांगला उपयोग होतो. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड पुढे घालण्याचा विचार असेल, तर स्मॉल फॉर्म फॅक्टरच्या खोक्यात बुटके कार्डच मावते आणि पॉवर सप्लायही लहान असतो. शिवाय डेलच्या या मालिकेतले पॉवर सप्लाय नेहमीच्या एटीएक्स जोडणीचे नाहीत, त्यामुळे तो बिघडला तर कोपऱ्यावरच्या दुकानातून कोणताही आणून बसवता येत नाही.

दुकानात यंत्र पाहायला जाताना घाई असता कामा नये, आणि जो दुकानदार यंत्र उघडून दाखवायला नाखूश असतो त्याच्याकडून घेऊ नये. डेलच्या खोक्यावर सर्व्हिस टॅग असतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की यंत्र मुळात कोणत्या घटकांसह पाठवले गेले होते हे समोर येते, आणि मग आत काय बदलले आहे ते विचारता येते. एचपी आणि लेनोव्होच्या अनुक्रमांकावरूनही वॉरंटीची माहिती निघते. सुरू करतानाच बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन पाहावे: तिथे पासवर्ड मागितला तर यंत्र जुन्या मालकाने कुलूपबंद ठेवले आहे, आणि तो काढून दिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन चालवून एसएसडीचे आरोग्य आणि ती किती तास चालली आहे ते पाहावे. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांना नवी एसएसडी म्हणून जी दिली होती, तिचे तास पाहिल्यावर ती बराच काळ कुठेतरी चालून आली आहे हे उघड झाले आणि दुकानदाराने निमूटपणे बदलून दिली. यंत्र अर्धा तास तरी व्हिडिओ लावून चालू ठेवावे. पंखा घरघरत असेल तर आतली धूळ साफ करून प्रोसेसरवरची पेस्ट नव्याने लावून मागावी. इतक्या वर्षांनी ती वाळलेली असते. घड्याळ दर वेळी जुन्या तारखेवर जात असेल तर सीआर२०३२ हा बटणासारखा सेल संपला आहे. हा सेल अगदी स्वस्त असतो, पण तारीख चुकली की बँकेची संकेतस्थळे ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाहीत आणि माणूस उगाच यंत्राला दोष देत बसतो.

मॉनिटरची जोडणीही विसरू नये. घरी जुना व्हीजीए मॉनिटर असेल तर ९०२० ला तो थेट लागतो. ७०६० वर मुख्यतः डिस्प्लेपोर्ट असतात आणि व्हीजीए किंवा एचडीएमआय हे मूळ खरेदीदाराने मागवले असेल तरच असते. कन्व्हर्टरचे पैसे भावात धरावेत. आणि पक्के बिल घ्यावे, त्यावर सर्व्हिस टॅग लिहून घ्यावा; नुसत्या तोंडी ‘टेस्टिंग वॉरंटी’ला अर्थ नसतो.

मग चौथ्या पिढीचे यंत्र कोणी घ्यावे? दोन ठिकाणी मी ते मनापासून सुचवतो. पहिले म्हणजे जुनी डीटीपी, अर्थात छपाईसाठी संगणकावर करायची मजकुराची मांडणी. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांत आजही लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तके पेजमेकर हे मांडणीचे आणि श्रीलिपी हे मराठी फाँटचे सॉफ्टवेअर यांच्या जुन्या आवृत्त्यांवर होतात. वर्षानुवर्षांच्या फायली त्याच स्वरूपात पडून आहेत आणि त्यांना विंडोज ७ हवी असते. सहाव्या पिढीनंतरच्या प्रोसेसरना विंडोज ७ चा अधिकृत आधार नाही. त्यामुळे अशा छापखान्यासाठी चौथी पिढी हीच सगळ्यांत निर्धोक निवड आहे; काही यंत्रांत जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरसाठी पॅरलल पोर्टही मिळतो. अट एकच: त्या यंत्राला इंटरनेट जोडू नये. विंडोज ७ वर क्रोमची आवृत्ती १०९ नंतर पुढे सरकलेलीच नाही, आणि असे यंत्र जाळ्यावर ठेवणे म्हणजे गिऱ्हाइकांच्या फायली धोक्यात घालणे आहे.

दुसरे ठिकाण म्हणजे लिनक्स, विंडोजच्या जागी बसवता येणारी मोफत प्रणाली. वाचनालय, शाळेचा संगणक कक्ष किंवा दहावीतल्या मुलाचे टेबल, जिथे ब्राउझर, लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखी मोफत साधने) आणि मराठी टंकलेखन एवढेच हवे आहे आणि टॅलीसारखे विंडोजवरचे काही अडलेले नाही, तिथे चौथ्या पिढीच्या यंत्रावर लिनक्सचाच मिंट हा प्रकार उत्तम चालतो. २०२४ साली आलेल्या मिंट २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा-अद्यतने मिळणार आहेत, मराठी टंकलेखनाचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड त्यात मिळतो, आणि परवान्याचा प्रश्नच उरत नाही. मुलांना सवय व्हायला वेळ लागत नाही. मोठ्यांपैकी ज्यांना वर्डच्या प्रत्येक मेनूची जागा पाठ आहे, त्यांना पहिले काही दिवस शेजारी बसून दाखवावे लागते. एका आठव्या पिढीच्या यंत्राच्या रकमेत शाळेला अशी दोन यंत्रे बसवता येतात, आणि एका बाकावर तीन मुले बसण्याऐवजी दोन बसू शकतात.